मोकळ्या काचेची गाडी

अकुलिना माझी वहिनी. माझ्या थोरल्या भावाची, इलारियनची बायको. गावात तिला मासेवाली म्हणूनच ओळखतात. नदी गोठली की बर्फाला भोकं पाडून ती जाळी सोडते. मासे वर येताक्षणी काठीसारखे ताठ होतात. ते लाकडाच्या मोळीसारखे पोत्यात भरून ती जिल्ह्याच्या बाजारात नेते. हिवाळ्यात नदी हाच आमचा रस्ता.

दादा गेला त्या वर्षी त्याने जपानहून आलेली एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. आत इतकी ऊब, की तो नुसत्या स्वेटरवर चालवायचा. थंडी सुरू व्हायच्या आधी आम्ही गाडीच्या प्रत्येक काचेला आतून दुसरी काच बसवून घेतो, म्हणजे श्वासाच्या वाफेचा बर्फ काचेवर धरत नाही. दादाचं ते राहून गेलं. "पुढच्या खेपेला बघू," म्हणाला आणि निघाला.

गाडी नदीच्या मोठ्या वळणावर सापडली. दारं नीट लावलेली, टाकीत पेट्रोल, मागच्या सीटवर त्याचा फरचा कोट. इंजिन कशाने बंद पडलं ते कुणाला कळलं नाही. दादा तिथून बराच लांब, काठावरच्या झाडाला टेकून बसलेला होता. अंगात स्वेटरच.

काही झालं तरी गाडी सोडायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दादाचा तर जन्म त्या रस्त्यावर गेलेला. लोक म्हणाले, प्यायला असेल. कोणी म्हणालं, चकवा लागला. वहिनी कुणाशी वाद घालायची नाही. पण मासे साफ करता करता मध्येच सुरी थांबवायची आणि मला विचारायची, "उल्याना, तो का उतरला गं?"

ती गाडी तिने एका दलालाला देऊन टाकली. पुढचे तीन हिवाळे ती दुसऱ्यांच्या गाड्यांतून बाजाराला जात राहिली.

मग तिची मुलगी सार्गिलाना बाळंतपणासाठी माहेरी आली. जावई लांबच्या खाणीत कामाला. आमच्या गावात दवाखाना नाही. वहिनी मला म्हणाली, "गाडी घ्यायची. ऐन वेळी पोरीला घेऊन कुणाकुणाची दारं ठोठावू? चल माझ्याबरोबर."

शहरात जुन्या गाड्या विकणारा झाखार म्हणून एक बडबड्या माणूस होता. त्याने आम्हाला थेट एका निळ्या गाडीपाशी नेलं.

"ताई, ही म्हणजे हिवाळ्याची राणी. बसा, घर विसराल."

वहिनीने दार उघडलं आणि तिथेच थबकली. चालकाच्या सीटची शिवण उसवलेली होती आणि तिच्यावर लाल दोऱ्याचे टाके होते. ते टाके तिने स्वतः घातलेले. गाडी दादाचीच, रंग तेवढा बदलला होता. मी तिचा कोपर धरला.

"वहिनी, चल इथून."

"थांब." मग झाखारला म्हणाली, "हिचं इंजिन बंद कर. मला आत बसायचंय."

"अहो, शून्याखाली पन्नास आहे! इंजिन बंद करून गाडी कोण बघतं?"

"मी बघते. किल्ली काढ आणि उल्यानाला आत घेऊन जा. मी हाक मारेपर्यंत कोणी इकडे फिरकू नका."

झाखारने माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. आम्ही दोघं त्याच्या पत्र्याच्या खोलीत शेगडीजवळ जाऊन बसलो. त्याने चहा ओतला. खिडकीतून गाडी दिसत होती. बघता बघता तिच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या आणि वहिनी दिसेनाशी झाली.

चहा संपायच्या आत गाडीचं दार धाडकन उघडलं. वहिनी अंगणात उभी राहून चारी बाजूंना बघत होती. हातमोजे आतच राहिले होते. मी पळत गेले.

"आत्ता कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. आम्ही दोघं आतच होतो."

"गाडीभोवती कोणीतरी चालत होतं. करकर, करकर, बर्फावरून. पूर्ण फेरी मारली. मग माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केली. काच पांढरीफटक, काही दिसेना. मला वाटलं, तू आलीस. म्हणून दार उघडलं."

अंगणातला बर्फ तुडवून तुडवून दगडासारखा झाला होता, त्यावर ठसे कुठले? झाखार म्हणाला, "थंडीत लोखंड आखडतं, ताई. वाजतं ते."

"वाजत असेल." तिने मी पुढे केलेल्या हातमोज्यांत हात घातले. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "असा उतरला तो."

मला वाटलं, आता ती घरी चल म्हणेल. पण ती सरळ अंगणाच्या टोकाला गेली. तिथे पावाच्या लादीसारखी चौकोनी, हिरवी, जुनी व्हॅन उभी होती. आत छतातून धुराडं काढलेली छोटी लोखंडी शेगडी, आणि सगळ्या खिडक्यांना दुहेरी काचा.

"ही?" झाखार म्हणाला. "ही चालते, पण आवाज इतका, की नवराबायकोला भांडायचं असेल तर उतरून भांडावं लागतं."

"मला नवरा नाही," वहिनी म्हणाली. "शेगडी पेटव."

चाकं, इंजिन, काही विचारलं नाही तिने. शेगडीवर किटली ठेवली, दारं लावली, मला शेजारी बसवलं आणि काचांकडे बघत राहिली. इंजिन बंद होतं. किटलीला वाफ आली, आमच्या तोंडातून वाफ निघत होती. कडेकडेला थोडा बर्फ धरला, पण मध्ये काच मोकळीच राहिली. बाहेर थंडीने नाचत उभा असलेला झाखार स्वच्छ दिसत होता.

"हीच," वहिनी म्हणाली. "बाहेर कोणी नाही, हे दिसलं पाहिजे."

सार्गिलानाचे दिवस भरायला अवकाश होता, पण जानेवारीत एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. बर्फाळ धुक्यामुळे आजाऱ्यांना शहरात नेणारं विमान येणार नव्हतं. आम्ही तिला मागे आडवी केली, मी तिच्या उशाशी बसले आणि वहिनीने गाडी नदीवर घातली.

मोठ्या वळणावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

त्या गाडीत इतका वेळ आवाज होता, की शांतता कानाला बोचली. वहिनीने दोनदा किल्ली फिरवून पाहिली. मग काही न बोलता मागे आली, शेगडीत लाकडं सरकवली आणि मुलीच्या पायांवर कातडं पांघरलं.

"या रस्त्याने मालाचे ट्रक जातात. येईल कोणीतरी," ती म्हणाली.

आणि मग ते ऐकू आलं. करकर. करकर. अगदी जवळून, सावकाश, गाडीच्या मागून कडेला, कडेने पुढे. सार्गिलानाने माझा हात घट्ट धरला.

"आत्या, कोणी आलंय."

मागच्या दारावर हलकेच टकटक झाली.

"आई," ती रडायला लागली, "बाबा आहेत का गं?"

वहिनीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण आवाज तिचा रोजचाच होता. "बघ काचेतून. सगळ्या काचांतून बघ. दिसतंय कोणी?"

नदी दिसत होती, पांढरी. धुक्यातही काठ दिसत होता, झाडं दिसत होती. माणूस नव्हता. आणि तरी माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. कधी गेला, मला कळलं नाही. दाराच्या पलीकडे माझा भाऊ थंडीत उभा आहे, असंच मला वाटत होतं. वहिनीने माझं मनगट पकडलं.

"उल्याना, हात काढ."

"वहिनी, त्याच्या अंगात कोट नाहीये."

"माहितीये मला," ती म्हणाली. मनगट मात्र सोडलं नाही. चालणं आणखी एकदा गाडीभोवती फिरलं आणि काठाच्या दिशेने लांब गेलं.

बऱ्याच वेळाने धुक्यात दिवे दिसले. एक ट्रक थांबला, त्यातून टोपीवाला दांडगा माणूस उतरला आणि त्याने काच ठोकली. वहिनी नाक काचेला लावून त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो बाई, उघडा की! बघताय काय? मुलगी द्यायचीय का मला?"

तेव्हा तिने दार उघडलं आणि त्याला आत ओढून चहा पाजला. इंधनाच्या नळीत बर्फ धरला होता. त्याने ती शेकून मोकळी केली आणि शहरापर्यंत आमच्या मागे मागे आला. दिवेलागणीला सार्गिलानाला मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाजाने खणखणीत. वसंतात जावई येऊन दोघींना घेऊन गेला.

वहिनी अजून त्याच व्हॅनमधून एकटी बाजाराला जाते. मी त्या रस्त्याने पुन्हा गेले नाही. एकदा धीर करून तिला विचारलं, अजून ऐकू येतं का.

"वळणावर मी थांबते थोडा वेळ," ती म्हणाली. "येतं ऐकू."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण एखाद्या खेपेला नाहीच ऐकू आलं, तर काय करू, ते सुचत नाही."

यंदा नदी लवकर गोठली. सोमवारी ती पहिली खेप घेऊन गेली, वळणावर थांबता यावं म्हणून तासभर आधीच.