गुंड्याच्या पोटातली दशी

“जे काही लोंबतंय ते ओढू नका. हातसुद्धा लावू नका. तसंच घेऊन या,” मी फोनवर सांगत होते.

पलीकडून शिवानंद म्हणाले, “ओढलं की म्याडम.”

“कोणी?”

“ओढलं ओ. आता काय करायचं ते सांगा.”

“रिक्षात घाला आणि निघा.”

फोन ठेवला आणि रफीकभाईंना सलाईनची तयारी करायला सांगितली. रफीकभाई माझ्या दवाखान्यातले कंपाउंडर. माझा दवाखाना निघण्याआधी ते एका जुन्या डॉक्टरांकडे होते. त्यामुळे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जनावरं पाहिली आहेत, आणि हे ते मला रोज एकदा तरी कळू देतात.

“कौन? वो टॉवेलवाले का कुत्ता?”

“तोच.”

“फिर खाया?”

“फिर खाया.”

गुंड्या हा भवानी पेठेतला लॅब्राडोर. शिवानंद आणि महादेवी या नवरा-बायकोचा. त्यांच्या घरी टॉवेल-नॅपकिनचं काम चालतं. यंत्रमागावरून माल येतो, तो कापायचा, कडा शिवायच्या, सुटलेल्या दशा तोडायच्या आणि घड्या घालायच्या. दशी म्हणजे कापडाच्या कडेचा सुटा धागा. घरात पाय ठेवावा तिथे नॅपकिन. त्यातच गुंड्या वाढला. आधी त्याने एक मोजा गिळला होता, एकदा हातरुमाल. दोन्ही वेळा आपोआप बाहेर पडलं. म्हणून या वेळी उलट्या सुरू झाल्या तरी ही माणसं एक अख्खा दिवस थांबली. सकाळी त्याच्या मागून पांढरा धागा लोंबताना दिसला, तेव्हा कुठे फोन केला.

धागा का ओढायचा नाही, ते सांगते. बाहेर दिसतं ते एक टोक असतं. दुसरं टोक आत कुठे अडकलंय ते आपल्याला माहीत नसतं. मधलं सगळं आतडं त्या धाग्यावर ओवलेलं असतं. तो ताणला, की तारेने साबणाची वडी कापावी तसं आतडं आतून कापलं जातं. भोक पडलं तर पोटात घाण पसरते. मग कुत्रं हाती लागणं कठीण.

ते आले ते जुन्या चादरीची झोळी करून. एक बाजू शिवानंदनी धरलेली, दुसरी रिक्षावाल्याने. महादेवी मागून, पदर खोचून, हातात घराची किल्ली तशीच. एरवी दारातूनच माझ्या अंगावर झेपावणारा गुंड्या पाठीला बाक काढून पडून होता.

मी आधी त्याची जीभ उचलून बघितली. धागा पुष्कळदा जिभेखाली अडकलेला असतो. तिथे काही नव्हतं. पोटाला हात लावला तर तो कण्हला. हाताला आत एक गाठोडं लागत होतं. तोंड कोरडं, हिरड्या चिकट. पाणीसुद्धा टिकत नव्हतं त्याच्या पोटात.

एक्स-रे काढला. शिवानंदनी फिल्मकडे डोळे बारीक करून बघितलं.

“कुटं हाय नॅपकिन?”

“दिसणार नाही.”

“दिसत न्हाय म्हणजे नसंलच की.”

“एक्स-रेत हाड दिसतं, लोखंड दिसतं. सुती कापड दिसत नाही. पण आतडी बघा, कशी एका जागी गोळा झाली आहेत. ऑपरेशन करावं लागेल.”

“ऑपरेशन?” ते खुर्चीत बसले. “एरंडेल पाजून बघू की आधी. आमच्या गावाकडं म्हशीला देतात. सगळं बाहेर.”

“म्हशीनं नॅपकिन गिळलेला नाही.”

“तरी पण म्याडम. पोट फाडायचं म्हणजे…”

लगेच ऑपरेशन करणं तसंही शक्य नव्हतं. अंगातलं पाणी इतकं कमी झालेलं असताना भूल दिली तर टेबलावरच जायचा. आधी सलाईन चढवायचं, मग कापायचं. आणि सलाईन चढेपर्यंत ते आतडं त्या धाग्यावर घासत राहणार. थांबलं तर धोका, घाई केली तरी धोका. माझ्या कामातला मला सगळ्यात नकोसा भाग हाच. हाताला काही काम नसतं आणि बसवतही नाही. मी सलाईनचे थेंब बघत होते, मग हिरड्या बघत होते, मग बाहेर जाऊन हत्यारं उकळली का ते बघत होते. ती उकळलेलीच होती. रफीकभाई म्हणाले, “म्याडम, बैठो जरा. तुमकू देखके कुत्ता बी घबरारा.”

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या असं सांगणं सोपं होतं. पण इथून पुण्यापर्यंतच्या रस्त्यातले ते तास त्याच्याकडे नव्हते.

तेवढ्यात आमच्या गावाहून, मंद्रूपहून, दादांचा फोन. माझे वडील. शेतातून आले की ते मला फोन करतात, मी कामात असले तरी.

“काय चाललंय?”

“ऑपरेशन आहे दादा. कुत्र्यानं नॅपकिन गिळलाय.”

“एवढी वर्षं शिकलीस ते कुत्र्याच्या पोटातनं फडकी काढायला व्हय?”

“व्हय,” म्हटलं आणि फोन ठेवला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. जनावरांचा डॉक्टर व्हायलाही माणसांच्या डॉक्टरइतकीच वर्षं लागतात, हे मला आजही लोकांना सांगावं लागतं. म्हणून दवाखान्याच्या बोर्डावर माझी डिग्री मी नावापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवून घेतली आहे. येणारे जाणारे हसतात. हसू देत.

शिवानंद अजून एरंडेलावरच होते. त्यांना कसं समजवावं ते मला सुचेना. आतड्याचं चित्र काढून दाखवलं, ते नुसते मान हलवत राहिले. मग माझं लक्ष झोळीच्या चादरीकडे गेलं. तिच्या एका कडेला दशा सुटलेल्या होत्या. मी त्यांतली एक चिमटीत धरली आणि ओढली. कापड सरसर गोळा झालं, चुण्या पडल्या.

“हे आतडं समजा,” मी म्हटलं. “नॅपकिन पोटात अडकलाय, त्याची दशी आतड्यात उतरलीय. आतडं ती पुढे ढकलायला बघतंय, दशी हलत नाही. म्हणून आतडंच तिच्यावर असं गोळा होत चाललंय. एरंडेल दिलं तर ते आणखी जोरात ढकलेल.”

शिवानंदनी चादर हातात घेतली. चुण्यांवरून अंगठा फिरवला. कापडाचा माणूस. मी काढलेल्या चित्राने झालं नव्हतं ते एका दशीने झालं.

“फाटतंय हे असं ओढलं की,” ते म्हणाले.

“तेच सांगतेय मघापासून.”

“मग करा की ओ लवकर. कशाला थांबलाव?”

मी सलाईनकडे बोट दाखवलं. आणि मग महादेवीकडे लक्ष गेलं. ती चादर नवऱ्याच्या हातातून घेऊन चुण्या मोकळ्या करत होती. एकेक चुणी बोटाने सरळ करत. मान वर न करता म्हणाली, “मीच ओढले म्याडम.”

“किती आलं बाहेर?”

“वीतभर. हाताला सवय हाय ओ. दिवसभर तेच करतंय हात. दशी दिसली की ओढायची, तोडायची. मी बघितलं आन् हात गेला. इचार केलाच न्हाय.”

“मग?”

“मग अडकलं. गुंड्या वरडला. कात्री लावून तोडले.”

“अडकल्यावर परत ओढलं का? महादेवीअक्का, हे मला खरं कळायला पाहिजे. आत काय शोधायचं ते त्यावर आहे.”

तिने चादरीची घडी घातली, मांडीवर ठेवली.

“एकदा,” ती म्हणाली. “जरा जोरात.”

शिवानंद काहीतरी कानडीत बोलायला लागले. मी त्यांना बाहेरून माझ्यासाठी चहा आणायला पाठवलं. मला चहा नको होता.

गुंड्याला टेबलावर घेतलं तेव्हा महादेवी दारापर्यंत आली. त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “मगा, लगू बा.” म्हणजे बाळा, लवकर ये. मग स्वतःच दार ओढून घेतलं.

पोट उघडलं. नाडा ओढलेल्या परकरासारखं आतडं गोळा झालेलं होतं. आधी जठर उघडलं. तिथे, बाहेर पडायच्या तोंडाशी, अर्धा नॅपकिन बोळा होऊन बसला होता. त्याची उसवलेली कड आतड्यात उतरलेली. सगळ्यात आधी ते धागे जठराजवळच कापायचे असतात. कापले, आणि आतड्याचा ताण गेला. हळूहळू त्याच्या चुण्या सुटायला लागल्या. पुढे दोन ठिकाणी लहान छेद घेऊन उरलेले धागे काढले. न ओढता. जिथे येत नाहीत तिथे सोडून पुढच्या जागी जायचं.

एका जागी आतडं काळपट झालं होतं. ते जगलं आहे की मेलं आहे हे लगेच कळत नाही. मेलं असेल तर तेवढा तुकडा कापून काढावा लागतो, आणि गुंड्यात तेवढी ताकद नव्हती. कोमट सलाईनमध्ये भिजवलेली पट्टी ठेवली आणि पुन्हा थांबायची वेळ आली. मी घड्याळ बघत होते, पट्टी उचलत होते, परत ठेवत होते. रफीकभाईंनी माझा हात धरून बाजूला केला.

“नक्को हात लगाओ. रखने देव जरा.”

मग थोड्या वेळाने तेच वाकले. “देखो म्याडम. रंग आरा.”

गुलाबी होत होतं.

आतड्याच्या मागच्या बाजूला मात्र सुईच्या टोकाएवढं एक भोक मिळालं. टाका घालून ते बंद केलं, पोट धुतलं, शिवलं. ते भोक ओढल्यामुळे पडलं की आधीच पडलं होतं, हे सांगता येत नाही. बाहेर येऊन मी दोघांना तसंच सांगितलं. महादेवीला बरं वाटावं म्हणून नव्हे. खरोखरच सांगता येत नाही.

रफीकभाईंनी तो अर्धा नॅपकिन धुऊन ट्रेमध्ये आणला. शिवानंदनी तो उचलला, उजेडात धरला, कड चाचपली.

“हा आमचा माल न्हाय,” ते म्हणाले. “शेजारचा हाय. आमची शिलाई अशी सुटत न्हाय.”

महादेवी सकाळपासून पहिल्यांदा हसली.

अशा ऑपरेशननंतरचे काही दिवस बेभरवशाचे असतात. टाके आतून सुटू शकतात. म्हणून मी तासातासाला त्याचा ताप बघत होते. रोज महादेवी येऊन त्याच्या पिंजऱ्याजवळ बसायची, आणि मी तिला कारण नसताना विचारायचे, आज कसा वाटतोय. तो शेपूट आपटायला लागला तेव्हा कुठे मी नीट जेवले.

शिवानंदना एकच गोष्ट सलत होती. “आमच्या घरात खायला काय कमी हाय का? दूध हाय, भाकरी हाय. लोकं म्हणतेत, उपाशी ठेवतेत म्हणून फडकी खातंय.”

उपाशीपणा हे कारण क्वचितच असतं. कधी जंत असतात, कधी रक्त कमी असतं. ते तपासायचं असतं, आणि मी तपासलं. दोन्ही ठीक होतं. कुत्र्याला चावायला लागतं, हे त्याचं एक काम आहे. आणि कपड्याला आपला वास असतो. आपला घाम, आपले हात. पण चावणं वेगळं आणि गिळणं वेगळं. चावणारी कुत्री घरोघर आहेत. हा गिळत का होता?

“नॅपकिन उचलला की तुम्ही काय करता?” मी महादेवीला विचारलं.

“पळतो की मागं. पार्टीचा माल ओ. खराब झाला तर आमच्यावर. हे तिकडनं पळतेत, मी हिकडनं. ‘बिडु, बिडु’ म्हणत.” बिडु म्हणजे सोड. “मग तोंडात बोटं घालून काढतो.”

“आणि तो काय करतो?”

तिने पिंजऱ्याकडे बघितलं. “लवकर लवकर गिळतो.”

एवढंच होतं. लहानपणापासून त्याच्या तोंडातलं जे जे, ते दोन माणसांनी धावत येऊन हिसकावलं होतं. तो त्यातून एकच गोष्ट शिकला. पोटात गेलं की कोणी काढून घेत नाही. ज्या घरात एकही नॅपकिन वाया जाऊ द्यायचा नाही, त्याच घरातल्या कुत्र्याला नॅपकिन गिळायची सवय लागली.

उपाय सांगितला. कामाच्या वेळी तो त्या खोलीत नको. तोंडात काही दिसलं तर ओरडायचं नाही, पळायचं नाही. जागेवर बसायचं आणि त्याहून चांगलं काहीतरी दाखवायचं. कशाची अदलाबदल करायची यावर चर्चा झाली. अंडं त्यांच्या घरात चालत नाही. महादेवी म्हणाली, कडक भाकरी? ज्वारीची, वाळवून कुरकुरीत केलेली. मी म्हटलं, उत्तम. चावायचं कामही होईल.

पुढे उन्हाळा सरता सरता ते लसीसाठी आले. गुंड्या तुकतुकीत, पोटावर केस उगवलेले. मी सिरिंज भरत होते. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली माझी ओढणी एकदम सरकली. वळून बघते तर अर्धी त्याच्या तोंडात.

“ए सोड,” मी ओरडले आणि सिरिंज टाकून धावले. टेबलाच्या एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने रफीकभाई. गुंड्याने भराभर तोंड हलवायला सुरुवात केली.

“म्याडम,” महादेवी खुर्चीतून न उठता म्हणाली. “बसा. रफीकभाई, तुमी पण.”

आम्ही दोघं बसलो. तिने पर्स उघडली, कडक भाकरीचा तुकडा काढला आणि गुडघ्यावर मोडला. कुर्रकन आवाज झाला. गुंड्याने आमच्याकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं, आणि ओढणी खाली टाकली.

ओढणी परत मिळाली, एक टोक चावलेलं. तेव्हापासून दवाखान्याच्या कपाटात कापसाच्या बंडलाशेजारी कडक भाकरीचा डबा असतो. त्यातली निम्मी रफीकभाईच खातात.