आमच्या ऑफिसातले ‘लोकल’ लोक

जगाचं भलं करणाऱ्या ऑफिसात नोकरी लागली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप टेबलावर येऊन पडतात. आमची संस्था निर्वासितांच्या छावण्यांना औषधं, तंबू, ब्लँकेट्स पाठवते. हेडऑफिस जिनिव्हात, आम्ही कुवेतमध्ये, सलवा भागातल्या एका व्हिलात. मी एचआर असिस्टंट. म्हणजे सगळ्यांच्या फायली माझ्याकडे, आणि फायलीत न लिहिलेलंही माझ्याकडेच! नवरा म्हणतो, ‘‘तू ऑफिसचं सांगायला लागलीस की माझं जेवण गार होतं.’’ होऊ दे गार. सांगणारच.

*

आमच्याकडे माणसांच्या दोन जाती होत्या : इंटरनॅशनल आणि लोकल. इंटरनॅशनल म्हणजे युरोप-अमेरिकेचे. मोठ्या पोस्ट त्यांच्या. लोकल म्हणजे मी पुण्याची, माझ्या शेजारच्या टेबलावरची आमना सुदानची आणि लॉजिस्टिक्सचे दाऊदभाई हर्णैचे. अख्ख्या ऑफिसात खराखुरा कुवेती माणूस एकच, आमचे वकीलसाहेब. लिस्टमध्ये त्यांच्यापुढे ‘कन्सल्टंट’ लिहिलेलं.

थोडक्यात, आमच्या लोकलमध्ये लोकल एकही नव्हता!

*

दाऊदभाई एकोणीस वर्षं इथे आहेत. अम्गरा भागातलं गोदाम, शुऐबा बंदर, कस्टम्सचे कागद, सगळं त्यांच्या हातचं. पण लॉजिस्टिक्स हेडची पोस्ट इंटरनॅशनल, त्यामुळे दर काही वर्षांनी एक नवा साहेब यायचा आणि दाऊदभाई त्याला काम शिकवायचे. असे तीन साहेब त्यांनी घडवले.

जाणाऱ्या साहेबाने येणाऱ्यासाठी हँडओव्हर नोट लिहून ठेवायची, अशी आमच्याकडे पद्धत. दुसरा साहेब ऑलिव्हर निघाला तेव्हा सेंडऑफला आमच्या डायरेक्टरबाई म्हणाल्या, ‘‘इतकी सुंदर हँडओव्हर नोट मी आयुष्यात वाचली नाही!’’ पहिली टाळी दाऊदभाईंची. कारण नोट त्यांनीच लिहिली होती. पहिल्या साहेबाचीही त्यांनीच लिहिलेली.

मी नंतर विचारलं, ‘‘दाऊदभाई, राग नाही आला?’’

‘‘आला ना गो बाय. पण नोट खरीच चांगली झालेली!’’

तिसरा साहेब पीटर. त्याने बदली मागितल्याचं कळलं त्या दिवशी मात्र दाऊदभाई माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘‘बाय, तीन वर्सांनी मी घरी जानार. त्याच्या आधी त्या खुर्चीत बसायचा हाय. चौथ्याला मी नाय शिकवनार.’’ एकोणीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

*

त्याच सुमारास जिनिव्हाला जाग आली, की आपल्या संस्थेत वंशभेद असू शकतो! लगेच सर्व्हे आला. ‘पूर्णपणे निनावी.’ फक्त देश, खातं आणि नोकरीची वर्षं भरायची. आता भारतीय, लॉजिस्टिक्स, एकोणीस वर्षं म्हणजे कोण, हे वॉचमनही सांगेल.

दाऊदभाईंनी पानभर लिहिलं. सगळं खरं, अगदी हँडओव्हर नोटसकट. आणि खाली : ‘आपला विश्वासू, दाऊद.’

‘‘अहो, नाव लिहायचं नव्हतं!’’

‘‘मंग? मी काय चोरी केलीय काय?’’

*

मग वंशभेदावरचं ट्रेनिंग. झूमवर जिनिव्हाने नेमलेल्या कन्सल्टंटबाई म्हणाल्या, ‘‘मोकळेपणाने बोला.’’ मोकळेपणाने कोण बोललं? सगळे इंटरनॅशनल! आपल्याला किती अपराधी वाटतं हे एकेक जण सांगत होता. तासाभरात डायरेक्टरबाईंना रडू फुटलं, दोघांचे डोळे भरले, आणि आमना टिश्यूचा बॉक्स घेऊन फिरत होती.

शेवटी कन्सल्टंटबाईंनी विचारलं, ‘‘मिस्टर दाऊद, या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?’’

दाऊदभाईंनी घड्याळ बघितलं. ‘‘मॅडम, अम्गऱ्याला अठ्ठेचाळीस डिग्री आहे आणि औषधांचे चार ट्रक उन्हात उभे आहेत. सगळ्यांचं रडून झालं असेल तर मी जाऊ का?’’

*

ट्रेनिंगनंतर समानता समिती झाली. आमना तिची सेक्रेटरी, मी सभासद. पहिली मीटिंग जिनिव्हाने लावली शुक्रवारी दुपारी. शुक्रवार म्हणजे इथे सुट्टी, वर जुम्म्याची नमाज. आमनाने एका ओळीचं ईमेल टाकलं : ‘मीटिंग रविवारी घ्यावी.’

उत्तर आलं, ‘रविवारी सुट्टी असते.’

आमनाने लिहिलं, ‘आमची नसते. समानतेची सुरुवात इथूनच करू या का?’

मग रविवारी सकाळी नऊला मीटिंग झाली. तिकडे आठ वाजलेले. जिनिव्हाचे मोठे साहेब स्क्रीनवर आले ते केस विस्कटलेले, अंगात नाइटसूट! आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, असा रविवार मला आयुष्यात मिळाला नाही.

*

दाऊदभाईंचा तो सर्व्हे समितीपुढे आलाच. सही होती, नाही कसं म्हणणार? पीटरच्या जागेसाठी लोकलनाही अर्ज करता येईल, असं ठरलं. जाहिरात निघाली, आणि तिच्यात खोच : ‘दहा वर्षांचा परदेशातल्या कामाचा अनुभव आवश्यक.’

समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये जिनिव्हाची एचआर म्हणाली, दाऊदचा सगळा अनुभव कुवेतचाच आहे, म्हणजे लोकल.

एरवी मी मीटिंगमध्ये नुसती ऐकत बसते. त्या दिवशी माइक ऑन केला. म्हटलं, ‘‘ऑलिव्हरची कुवेतमधली दोन वर्षं तुम्ही परदेशातला अनुभव म्हणून धरलीत. फाइल माझ्याकडे आहे. दाऊदभाई भारतीय आहेत. त्यांना कुवेत परदेश नाही, तर मग काय आहे?’’

जिनिव्हाच्या एचआरने ऑलिव्हरची फाइल मागितली. मी तिथल्या तिथे पाठवून दिली.

संध्याकाळी अट बदलून आली. आमनाने मला उचलून एक गिरकी मारली. माझं वजन बघता हे सोपं काम नाही.

*

निकाल आधीच सांगून टाकते. दाऊदभाई आज लॉजिस्टिक्सचे हेड आहेत. दारावर नावाची पाटी आहे आणि तिचा फोटो हर्णैच्या प्रत्येक घरी पोचलाय. पण खरी मजा इंटरव्ह्यूची.

पॅनेलवर डायरेक्टरबाई, स्क्रीनवर जिनिव्हाचे साहेब, आणि आपल्या जागी येणारा माणूस पारखायला खुद्द पीटर. मी कोपऱ्यात नोट्स घ्यायला. दाऊदभाई नवा कोट घालून ताठ बसलेले, चेहरा पांढरा पडलेला. या माणसाला मी वादळातसुद्धा घाबरलेलं बघितलं नव्हतं.

डायरेक्टरबाईंनी विचारलं, ‘‘मिस्टर दाऊद, ही पोस्ट मिळाली तर पहिल्या दिवसापासून तुम्ही नेमकं काय कराल?’’

दाऊदभाईंनी तोंड उघडलं आणि पीटरचा फोन वाजला. शुऐबाहून. इन्सुलिनचा कंटेनर बंदराच्या गेटवर अडवलेला. पीटर फोनवर दोनदा ‘‘येस, येस’’ म्हणाला. मग मान वर न करता, नेहमीच्या सवयीने, त्याने हात लांब करून फोन टेबलापलीकडे दाऊदभाईंच्या हातात दिला.

दाऊदभाई उठले, खिडकीपाशी गेले. अरबीत तीन-चार मिनिटं बोलले, एकदा आवाज चढवला, एकदा खदखदून हसले, पलीकडच्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली. परत येऊन फोन पीटरपुढे ठेवला.

‘‘सुटला कंटेनर,’’ म्हणाले. मग कोटाचं बटण लावून खुर्चीत बसले.

‘‘सॉरी मॅडम. ही पोस्ट मिळाली तर मी काय करीन, असं विचारत होतात ना?’’