मालकानं हात लावलेली राख

"हात लावू नोको! बाटन ना कलश!"

मालकाच्या दिवाणजीनं काठी आडवी धरली. मी बंडीच्या चाकापाशी उभी होती, हात वर उचललेला. बंडीवर पितळेचा कलश होता, त्याले लाल फडकं बांधलेलं, वरून झेंडूचा हार. कलशात राख होती. माह्या माणसाची राख. असं मालकच गावोगाव सांगत होते. माह्या नवऱ्याच्या राखेले माहाच हात लागला तर राख बाटत होती.

मी हात खाली घेतला. काय करणार? काठी आडवी झाली की आमचा हात आपोआप खाली येत होता. ते कोणाले शिकवावं लागत नव्हतं.

लढाई नुकतीच सरली होती. त्या हिवाळ्यात मतांची धामधूम सुरू झाली. आमच्या गावचे मालगुजार पार्टीकडून उभे होते. आमी त्यायले मालक म्हणत होतो. शेती त्यायची, तलाव त्यायचा, महारवाड्यात आमची झोपडी ज्या जागेवर होती ते जागा बी त्यायचीच. बोलायले तोंड होतं आमाले, पण ते उघडायची सोय नव्हती.

माहा माणूस मागावर बसत होता. जाडीभरडी लुगडी विणत होता. लढाई पेटली तवा मालकानंच त्याले बोलावून म्हणलं, "जा, भरती हो. गावाचं नाव होईन." गावातून जेवढे पोट्टे जात, तेवढी गोऱ्या सायबापाशी मालकाची इज्जत वाढत होती. तो कामठीच्या छावणीत गेला. मी सालेकश्याच्या टेसनावर त्याले सोडायले गेली होती. गाडीत चढताना म्हणे, "मागावरचं लुगडं अर्धं हाय, माय पुरं करन." बस, येवढंच बोलला. बायकोसंग चार लोकायत काय बोलणार माणूस?

एकदा सुट्टीवर आला. अंगात वर्दी, पायात बूट. मालकाले रामराम घालायले गेला अन् भुलून ओट्याची पायरी चढला. मालक झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "वर्दी सरकारची असन रे. अंग तर तुहंच हाय ना? उतर खाली." तो उतरला. मंग गडी तांब्या घेऊन आला अन् पायरीवर पाणी शिंपडलं. माह्या माणसाच्या डोळ्यासमोर. घरी येऊन तो हसत हसत सांगत होता, पण त्या दिशी भाताले शिवला नाही.

मंग तार आली. मास्तरनं वाचून सांगितलं, ब्रह्मदेशात मेला. कसा मेला, कोठी पुरला का जाळला, काही नाही. माह्या बांगड्या तलावाच्या काठावर फोडल्या. पण माणसाची माती झाली नाही. आमच्यात मेलेल्याले पुरतात, अन् घरच्यायनं एक एक मूठ माती देल्याशिवाय तो मोकळा होत नाही. मागं राहणारा बी मोकळा होत नाही. माही सासू, तिले मी माय म्हणत होती, ते तारेपासून खाटेले लागली. तिनं आमच्या मसणवटीची मूठभर माती आणवून फडक्यात बांधली अन् उशाले ठेवली.

"मूठमाती देल्याबिगर मी मरत नाही, पोरी," म्हणे. "यमानं वढलं तरी जात नाही."

अन् एक दिवस मालक सोता महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. असं आजवर झालं नव्हतं. मायले मी उचलून आणलं. मालक म्हणाले, "बुढे, सरकारदरबारी वजन टाकलं अन् तुह्या पोराची राख आणली. तो आता तुह्या एकटीचा नाही, साऱ्या मुलखाचा हाय."

माय धुळीत लोटांगण घालत होती. पाय धरायचे तर दूरूनच. "मालक, तुमचं भलं होईन. देऊन टाका ना माहं लेकरू. मी माती देते अन् सुटते."

"देऊ ना. पयले मतं होऊ दे. तवर सून बंडीमागं चालन."

मी मान हलवली. कायले नाही म्हणणार? माय माह्या तोंडाकडं पाहून राहिली होती.

अशी मी बंडीमागं चालायले लागली. बंडीले मागून मोठं कापड बांधलं होतं, त्यावर माह्या माणसाचं चित्र. आमच्या घरातला एकुलता एक फोटो नेऊन पेंटरकडून काढून घेतलं होतं. पेंटरनं त्याले गोरापान केला. कपाळावर गंध लावलं! मी पाह्यलं तं ओळखूच आला नाही. चित्राच्या खाली मोठ्या अक्षरायत लिहिलं होतं. मी एका पोराले विचारलं, काय हाय रे? तो म्हणे, "ह्या वीराच्या रक्ताची आण, मत आमालेच."

कोणाले आण? तो कोणत्या पार्टीचा होता? त्याले तर पार्टी म्हणजे काय हे बी ठाऊक नव्हतं. त्याले माग ठाऊक होता.

प्रत्येक गावात तेच. मालक ओट्यावर उभे राहात, कलशावर हात ठेवत अन् आवाज चढवत, "भाइयो, ये हमारे गाव का सपूत!" लोकं फुलं टाकत. मी खाली, चपला काढल्या असत तिथं. दिवाणजी हळूच येऊन म्हणे, "रडत जा ना जरा. लोकायले दिसलं पाहिजे." मले रडू येत होतं ते त्याच्या म्हणण्यानं आटून जाये. मंग तो म्हणे, "दगड हाय बाई."

मी सारं सोसलं. शपथ सांगते, फक्त त्या कलशासाठी सोसलं. मतं सरतीन, कलश भेटन, माय माती देईन. येवढंच डोक्यात.

एका गावी पाटलाच्या घरी जेवणं होती. मी आवाराबाहेर चिचेखाली बसली, तिथून अंगण दिसत होतं. मालकानं सोता बंडीवरून कलश उचलला, छातीशी धरला अन् पाटलाच्या तुळशीपाशी ठेवला. फडकं सुटलं होतं, ते झाकण दाबून नीट केलं. बोटाले राख लागली. ते बोटं त्यायनं धोतराले पुसली. अन् मंग पाटलीणबाईनं पानाचं तबक पुढं केलं तं त्याच हातानं इडा उचलून तोंडात घातला.

मी पाहात राहिली.

हात नाही धुतला. पाणी नाही शिंपडलं. तुळशीपाशी ठेवला! जो माणूस जिता असताना पायरीवर चढला तं पायरी धुतली, त्याच माणसाची राख बोटाले लागली अन् ते बोट तोंडात?

अगे माय! हे राख आमची नोहे.

आमची असती तं मालकानं चिमट्यानं बी उचलली नसती. कोणत्या चुलीतली होती देवाले माहीत. आमचा इटाळ त्यायच्या हाडामासात येवढा मुरला होता, अन् सोंग काढताना तेवढंच इसरले. त्यायच्या मनाले ठाऊकच होतं, हात नुसत्या चुलीच्या राखेले लागून राहिला.

राग तर मागून आला. पयले माय दिसली. खाटेवर, उशाशी फडकं घेऊन. तिले काय सांगू? गप्प राहिली तं मतं झाल्यावर कलश भेटन, बुढी परक्या राखेले मूठमाती देऊन सुखानं डोळे मिटन. बोलली तं तिचं येवढं बी जाईन. त्या दिशी मी दोन गावं बंडीमागं चालली, अन् पायाखालचा रस्ता मले दिसला नाही.

शेवटची सभा बाजारात होती. गंज लोकं, पाय ठेवायले जागा नव्हती. ते पाटील बी आले होते, पुढंच बसले होते. मालकानं कलशावर हात ठेवला अन् भाषण सुरू केलं. दिवाणजी माह्या कानाशी आला. "आता तरी रड. आजचा दिवस रड, मंग तुही सुट्टी."

मी उभी राहिली. पदर सावरला. आवाज कसा निघाला मले नाही समजलं, पण निघाला.

"मालक, आंघोळ केली का?"

मालक थांबले. "काय?"

"माह्या माणसाच्या राखेले हात लावून राहिले ना तुम्ही. महाराच्या राखेले. बाटले ना? अन् पाटलाची तुळस बी बाटली. तुम्ही त्याच हातानं पान खाल्लं. आंघोळ नाही केली तुम्ही, मी पाहिलं."

ह्यात कोणाले समजावून सांगायसारखं काहीच नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरी हेच चालत होतं. पाटील अर्धवट उठले अन् म्हणाले, "मालक, आमच्या तुळशीपाशी का ठेवलं होतं तुम्ही?"

मालकाचा हात कलशावरून उचलला गेला. बाटलो म्हणावं तं पाटलाचं घर बाटवलं. नाही बाटलो म्हणावं तं राख खोटी. मागं कोणीतरी खुदकन हसलं. दिवाणजीनं मले काठीनं ढोसून खाली पाडलं. हातानं नाही, काठीनंच. मालक वरडले, "दुख में पागल हो गई है बेचारी! भारत माता की..." अन् लोकं जय म्हणाले.

हो, म्हणाले. मले वाटलं होतं सारे उठतीन. कोणीच उठलं नाही. पाटील बी खाली बसले. बंडी निघून गेली, कलश गेला, माह्या माणसाचं गोरं चित्र हालत हालत गेलं. मालक निवडून आले. पेंटरकडं गेलेला फोटो कधी भेटलाच नाही. चार दिवसात आमाले झोपडी सोडायचा हुकूम झाला.

सभेच्या सांजेले घरी आली तं माय उठून बसली होती. "आणला का?"

"नाही, माय. ते आपली राख नोहे."

"कायवरून?"

"मालकानं हात लावला. अन् हात धुतला नाही."

मायले येवढंच पुरलं. साठ वर्सं ह्या गावात काढली होती तिनं. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मंग माहं लेकरू अजून उघड्यावरच हाय." अन् रडायले लागली. तिचं ते रडणं आजबी माह्या कानात हाय. मी तिचं सुख हिसकलं. पण खोट्या राखेवर तिचा हात कसा ठेवू देऊ?

झोपडी सोडायच्या आधी मी मागावरचा धोटा काढला. इकडून तिकडं सूत नेणारा लाकडाचा धोटा, त्याच्या हातानं गुळगुळीत झालेला. मायले पाठीवर घेऊन मसणवटीत गेली. हातायनं खड्डा केला, धोटा ठेवला. मायनं उशाचं फडकं सोडून माती टाकली. मी टाकली. तिसरं कोणी नव्हतं. हार नव्हता, जय नव्हता. माय त्याच महिन्यात गेली.

ते जागा मी कोणाले दाखवत नाही. आता झेंडे बदलले, बंड्यायच्या मोटारी झाल्या, तरी लोकं येतात. हात जोडून येतात. "बाई, तुमच्या वीराचं नाव द्या, मोठा बोर्ड लावतो." मी दारातच उभी राहते. नाव देत नाही. जागा देत नाही. रडून तर मुळीच देत नाही.

सांगते, "सभेले मेलेला पोरगा पाहिजे ना बापा? मंग आपल्या घरचा द्या."