भाच्याचं बाळसं

आमच्या घराण्यात गाल वंशपरंपरेनं मिळतात. अक्कल मिळत नाही, ती ज्याची त्यानं बघायची. त्यामुळे एकोणीसशे नव्वदच्या सुमारास धाकट्या बहिणीचं तान्हं पोर पंचवटीतल्या आमच्या घरी गुबगुबीत व्हायला लागलं, तेव्हा "मामावर गेलाय" असं मी गल्लीभर सांगत सुटलो.

तोवर ते नुसतं खोकायचं. छाती घरघरायची, दूध अंगी लागत नव्हतं. जवळच्या डॉक्टरांनी थोडे दिवस द्यायला थेंब दिले. खोकला थांबला, गाल वर आले. मग बंद कशाला करायचे? बाटली संपली की घरातलं कुणीतरी नवी आणायचं; दुकानदार चिठ्ठी मागत नसे. आई रोज संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची.

उष्टावणाला खीर चाटवायचा मान मामाचा. मी ऐटीत मांडीवर घेतलं आणि झबल्याची बाही वर सरकली. दंड माझ्या अंगठ्याएवढा.

"दादा, हे असं कसं रे?" बहीण हळूच म्हणाली.

"दृष्टच लागली," म्हणत आई मोहऱ्या आणायला उठली.

बालरोगतज्ज्ञांनी बाटली पाहिली. "हे बाळसं नाही, स्टेरॉइडची सूज आहे. आतून पोर उपाशी आहे." एकदम बंद करणंही धोक्याचं, थेंब हळूहळू कमी करायचे, खाणं वाढवायचं, आणि थेंबांनी अंगातला प्रतिकारच गेलाय, म्हणून सर्दी-खोकल्याच्या माणसांपासून जपायचं.

थेंब उतरले तसे गाल उतरले. खालून निघाला तो थेट बापाचा चेहरा, पण म्हाताऱ्यासारखा. निफाडहून विहीणबाई आल्या. "लय भारी बाळसं व्हतं. कोन्त्या डाक्टरनं उतरवलं? आना तेच थेंब परत."

"निदान बरा तरी दिसत होता गं," आईही म्हणाली.

"शोकेसमध्ये ठेवायचंय का त्याला?" बहीण ओरडली. घरात ती एकटी पडली होती. अशा वेळी मी चहा टाकतो. तेवढंच मला येतं.

थंडीत न्यूमोनिया झाला. दवाखान्यात शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता घेईल तेवढं द्या." बहिणीला बघवेना, ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी चमचा ओठांना लावला.

"दादा, घेतलं का रे त्यानं?"

दूध ओठाच्या कडेनं मानेवर ओघळत होतं.

"घेतलं," मी म्हणालो, आणि शर्टाच्या बाहीनं त्याची मान पुसली.