थंडीतला कूलर

आमच्या नातेवाइकांत कुठेही भांडण झालं की मला बोलावतात. मी चांगला निवाडा करतो म्हणून नाही, मी तो कधीच करत नाही म्हणून. दोन्हीकडचं ऐकतो, दोन्हीकडचा चहा पितो, ‘तुमच्या जागी तुम्ही बरोबर आणि त्यांच्या जागी ते’ असं सांगून परत येतो. सगळे खूश. बायको म्हणते, ही समजूतदारी नाही, भित्रेपणाला केलेली इस्त्री आहे. मी तेही ऐकून घेतो. तिच्या जागी ती बरोबर असते.

आम्ही मानेवाड्याकडे फ्लॅटमध्ये राहतो. उन्हाळाभर इथे घरोघरी कूलर घरघरत असतात, त्यामुळे शेजारी काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. दिवाळीच्या सुमारास कूलर बंद होतात आणि मग बिल्डिंगला कान फुटतात. कुणाचा कुकर, कुणाचा खोकला, कुणाच्या सासूची मालिका, सगळं भिंतीतून येतं. अशात ऐन डिसेंबरात, आम्ही स्वेटर घालून वरणभात खात असताना, बाजूच्या फ्लॅटचा कूलर सुरू झाला.

बाजूला एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्या आणि त्यांचा तिशीतला मुलगा, दोघंच. मुलगा कसा, तर लिफ्ट बंद असली की न सांगता माझा गॅस सिलिंडर वर आणून देणारा. आमच्या घराची जास्तीची चावी त्यांच्याकडेच असते, इतका घरोबा. त्यामुळे कूलर ऐकून मी एक विनोद केला. बाजूला उन्हाळा लवकर आला वाटतं, असं काहीतरी. बायको हसली नाही.

‘‘पाणी न टाकता चालवून राहिले,’’ ती म्हणाली. ‘‘नीट ऐका.’’

मी ऐकलं. पंख्याच्या खडखडाटाखाली काहीतरी पडलं. मग एक आवाज आला, कुणी ओरडता ओरडता तोंड दाबून धरावं तसा. दुसऱ्या दिवशी ताई जिन्यात भेटल्या तेव्हा मनगटाला ओढणी गुंडाळलेली. बाथरूममध्ये घसरले म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा कूलर लागला आणि त्या पुन्हा घसरल्या.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की मी टीव्हीचा आवाज कमी करू लागलो. भिंतीकडे पाठ करून बसता येईना. आपण तर काही पाहिलेलं नाही, असं स्वतःला सांगत होतो. राग कुणाला येत नाही? घरातलं घरात राहावं. माझी नेहमीची वाक्यं मी मलाच ऐकवत होतो आणि ती मला पटतही होती, म्हणजे कूलर बंद असेपर्यंत.

अशातच एका सकाळी एक गृहस्थ आले. मफलर, हातात कापडी पिशवी, उमरेडहून एसटीने आलेले. ताईंच्या मुलासाठी या गृहस्थांच्या मुलीचं स्थळ सांगून गेलं होतं, आणि होकार देण्याआधी ते शेजारी चौकशी करायला आले होते. आपल्याकडे ही पद्धतच आहे. शेजाऱ्याला विचारायचं आणि शेजाऱ्याने काय सांगायचं तेही ठरलेलं. एखाद्याचं जुळत आलेलं कशाला मोडा?

‘‘मुलगा कसा आहे जी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सोन्यासारखा पोरगा आहे,’’ मी म्हणालो.

खरं सांगतो, मी हे ठरवून बोललो नाही. फोन वाजल्यावर तोंडातून ‘हॅलो’ निघावं तसं ते निघालं. गृहस्थांचा चेहरा सैल झाला. त्यांनी चिवडा संपवला, मुलीबद्दल सांगू लागले. ‘‘एकच आहे, पोरीले बोलायची लय सवय. समोरचा रागावला तरी हसतच राहते. लहानपणापासून तशीच.’’ जाताना नंबर देऊन गेले. रविवारी होकार कळवणार होते, तोवर काही आठवलं तर फोन करा म्हणाले.

बायकोने बशा उचलल्या. ‘‘हसतच राहते म्हणे,’’ एवढंच बोलली आणि आत गेली.

मग मला खरी भीती वाटायला लागली. न सांगावं तर ती न पाहिलेली मुलगी डोळ्यांसमोर हसत उभी राही. सांगावं तर आपलं ऐकणं चुकलं असलं तर काय? आणि चुकलं नसलं तर तो मुलगा काय करेल? आमची चावी त्याच्या घरात आहे, हे मला जेवताना आठवे आणि घास तिथेच थांबे.

दोन-तीन दिवसांनी ताईच आल्या, बेसनाच्या पातोडीची वाटी घेऊन. तुम्ही फार चांगलं सांगितलं म्हणे, म्हणाल्या. मी पातोडी खायला लागलो. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला. तुम्हाला ऐकू येत असेल, मला कळतं, म्हणाल्या. पण त्याचा राग उतरला की पाय धरून रडतो. बायको आली की निवळेल.

‘‘आणि नाही निवळला तर?’’ बायकोने विचारलं.

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. ‘‘मग दोघी असू ना वं. एकटीवर तर येणार नाही.’’

भाजीचे वाटे करावेत इतक्या शांतपणे त्या हे बोलल्या. त्यांच्या जागी त्या बरोबर, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते मी पातोडीबरोबर गिळलं.

दुपारी मी गच्चीवर जाऊन उमरेडला फोन लावला. गच्चीवर अशासाठी, की भिंत दोन्ही बाजूंनी ऐकते. सांगितलेलं खरं नव्हतं, मी म्हणालो. मुलगा आईवर हात उचलतो. आम्ही पाहिलं नाही, पण ऐकलंय, आणि ताईंनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय.

‘‘मग तेव्हा काहून नाही सांगितलं जी?’’

‘‘सवय,’’ मी म्हणालो. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

ते गृहस्थ सज्जन. मुलगी इतक्यात लग्नाला तयार नाही, असं कळवून त्यांनी नकार दिला. आमचं नाव घेतलं नाही. पण चौकशीला ते कुणाच्या घरी बसले होते, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. नकाराचा फोन आला त्या संध्याकाळी कूलर लागला.

मी सोफ्यावर बसून होतो. ती मुलगी सुटली होती. आणि तिच्या वाट्याचंही आता भिंतीपलीकडे एकट्या ताईंवर येत होतं, ज्यांनी आणलेली पातोडी मी खाल्ली होती. बायकोने फडताळातून वाटी काढून माझ्या हातात दिली.

‘‘उठा. विरजण मागायचंय.’’

आमच्या फ्रिजमध्ये दह्याचं पातेलं भरलेलं होतं, पण मी उठलो. बेल दाबली. आत कूलर बंद झाला. दार उघडलं, आणि ताईंनीच विरजण आणून दिलं, डोळे वर न करता.

तेव्हापासून हेच चाललंय. कूलर लागला की आम्ही वाटी घेऊन दारात. ताईंची बहीण खापरखेड्याला असते. तिकडे चला, मी सोडतो, असं मी सांगून पाहिलं. बायकोने पोलिसांचंही काढलं. त्या ‘बघू’ म्हणतात. आमच्या घरी इतकं दही लागतं की मला आता कढीचा वासही सोसत नाही.

काल दार मुलाने उघडलं. पूर्ण नाही, अंगापुरतं. त्याच्या मागे खुंटीला आमची चावी लटकत होती.

‘‘काका,’’ तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘आमचा कूलर लागला की तुमचं दही संपते का?’’

मी वाटी पुढे केली, ती दाराच्या जाळीवर वाजली. पळून जावंसं वाटलं, पण मागे बायको उभी होती, आणि तिच्या बाजूने जायला जिन्यात जागा नव्हती.

‘‘हो गा,’’ मी म्हणालो. ‘‘संपते. ताईंच्या हातचंच लागते आम्हाले. त्यांना बाहेर बोलाव.’’

तो दार धरून राहिला. मी वाटी. आतून ताईंच्या चपलांचा आवाज येईपर्यंत मी आणि बायको तिथून हललो नाही.