गाडी येऊन राहिली

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि आठवड्यातून तीनदा बसने कामठीला जाऊन लष्करी अधिकाऱ्यांचा मराठीचा वर्ग घ्यायचे. पलटणीतले जवान बहुतेक आपल्याच भागातले, अधिकारी मात्र कुठून कुठून आलेले. जवानांची भाषा आल्याशिवाय अधिकाऱ्याकडे तुकडी राहत नसे.

माझ्या वर्गातला एक मल्याळी लेफ्टनंट तोंडी परीक्षेत एकदा नापास झाला होता. पुन्हा झाला असता तर तुकडी हातची गेली असती. मुलगा मेहनती. विभक्तीचे प्रत्यय झोपेतही म्हणाला असता. जवानांवर त्याचा जीव होता, त्यांचाही त्याच्यावर. फक्त एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं.

एक दिवस तो तणतणतच आला. रामटेककडे सराव चालू होता. टेकडीवरच्या हवालदारानं फोनवर कळवलं, "साहेब, गाडी येऊन राहिली." यानं सगळ्यांना सामानासकट रस्त्यावर उभं केलं. गाडीचा पत्ता नाही. भाताच्या बांध्यांकडे बघत सगळे उन्हात ताटकळले.

"मॅडम, आली आणि राहिली, तर मग गेली कुठे?"

वर्ग हसला. मीही हसले. पण चूक त्याची नव्हती. येऊन राहिली म्हणजे येते आहे, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात ते नव्हतं. मी पुस्तक पिशवीत टाकलं.

पुढच्या खेपेला घरून दोन रिकाम्या काडेपेट्या आणि दोऱ्याचं रीळ नेलं. मुलं खेळतात तसा फोन केला. एक पेटी फळ्याशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या कानाला, दुसरी बाहेर व्हरांड्यात त्याच हवालदाराच्या तोंडाशी. दोघांनी एकमेकांकडे पाठ करायची. हवालदार पारशिवनीकडचा. त्याला सांगितलं, "साहेब म्हणायचं नाही. पलीकडे तुमचा गाववाला आहे समजा." तो बोलेल ते ऐकून अधिकाऱ्यानं फळ्यावरच्या नकाशात गाडी असेल तिथे काढायची. पहिल्या दिवशी गाड्या झाडावर चढल्या, विहिरीत पडल्या. हळूहळू रस्त्यावर आल्या.

परीक्षेच्या आठवड्यात कर्नलसाहेब मागच्या दारानं न सांगता आले. परीक्षा तेच घेणार होते. माणूस पुण्याचा.

"बाई, हा वर्ग आहे की बालवाडी?"

"तुम्हीच बघा, सर," म्हणून मी पेटी त्यांच्या हातात दिली.

बाहेर हवालदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सुरू झाला, "ट्रक नाला उतरून राहिला." कर्नल विचारात पडले. तिकडून पुन्हा आवाज आला, या वेळी पेटीशिवायही ऐकू येईल इतका, "आयकून राहिला का गा? काहून बोलत नाही? झोपला का?"

वर्गातल्या सगळ्यांनी एकदम आपापले बूट बघायला घेतले.

कर्नलांनी खडू घेऊन ट्रक नाल्याच्या तळाशी काढला. मग लेफ्टनंटकडे वळून म्हणाले, "बरोबर?"

त्याचा चेहरा पडला. परीक्षकालाच चूक म्हणायचं होतं. त्यानं खडू घेतला आणि ट्रक वर, उतारावर काढला. "सर, तो अजून उतरतोय. आत्ता सांगितलं तर थांबवता येईल."

कर्नलांनी दोन्ही ट्रकांकडे पाहिलं, आपला पुसला आणि मला म्हणाले, "परीक्षेला या पेट्या आणा. पुस्तकातलंही विचारीन, पण अर्धे मार्क यांचे."

निकालाच्या दिवशी मी कामठीच्या स्टॉपवर उभी होते. लेफ्टनंट सायकलवरून आला. पास झाला होता. तुकडी त्याच्याकडेच राहिली होती. आभार मानताना त्याचं मराठी पुन्हा पुस्तकी झालं, म्हणून मी त्याला मध्येच थांबवलं. मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं.

"मॅडम, बस येऊन राहिली."

मी पिशवी खाली ठेवली. बस अजून वळणावर होती.