उतरता येईल असे रान

बापूबरोबर आगगाडीने जायचे म्हणजे खिडकी त्याला द्यावी लागे. तो बाहेर बघत बसे आणि येणाऱ्या प्रत्येक रानाचा निकाल देई. "हितं उतरता येईल." "हितं न्हाय, दगड लई." समोरची माणसे आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे कणवेने बघत. हे गृहस्थ विमान चालवतात, असा मी खुलासा करी. मग तर ती आणखीच सरकून बसत.

बापू होटगीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. पुढे मी मास्तर झालो, तो कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात इंजिने खोलायला शिकला. तिथून मुंबईला जाऊन, कुणाकुणाच्या हातापाया पडून विमान शिकला आणि सोलापूरच्या एका गिरणीमालकाच्या दोन आसनी विमानावर लागला. "मास्तर, आभाळात जानाऱ्यानं भुईशी सोयरीक तोडू नये," असे तो सारखा म्हणे. मला ती उगाच फुशारकी वाटे.

एका माघात त्याने मला वर नेले. पुढच्या आसनावर मी, मागे तो. खाली काळी राने पसरलेली. भीती कधी गेली ते कळलेच नाही. होटगीच्या बाजूला आलो तेव्हा इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. पुढचा पंखा उभाच्या उभा थांबला. पंखांच्या तारांमधून वारा तेवढा शीळ घालत होता. मी देवाचे नाव आठवू लागलो, तेही आठवेना.

मागून बापू ओरडला, "मास्तर, घट्ट धरून बसा. रान बघितलंय!"

ज्वारी काढून मोकळे झालेले, लांबलचक, सरळ रान होते. चाके भुईला लागली, विमान उड्या मारत धावू लागले. कडब्याची मोठी गंज मागे पडली आणि तिच्याआड लपलेले खळे एकदम समोर आले. मळणीचे बैल, धान्य उफणणाऱ्या बायका, मधोमध ज्वारीची रास. परत वर उठायला इंजिन नव्हते. बापूने विमान तसेच वाकडे वळवले आणि सरळ दगडी बांधावर घातले.

धूळ खाली बसली तेव्हा डावा पंख मोडून पडला होता. मला खरचटलेसुद्धा नव्हते. बापूचा गुडघा फुटला होता. तरी तो लंगडत खळ्याकडे गेला आणि कडेला थांबून, रक्ताने भिजलेल्या बुटाचे बंद सोडू लागला. खळ्यावर पायताण घालून जायचे नसते! मी पुष्कळ थोर माणसे पाहिली, पण मान लवली ती त्या वेळी.

खळ्याची मालकीण गवराबाई राशीपाशी उभी होती. तिने मोडक्या पंखाकडे पाहिले, बैलांकडे पाहिले आणि सूपभर ज्वारी घेऊन आली. "खळ्यावर आलेलं मानूस रिकामं धाडू न्हाई, बाबा. घे." बापूने डोक्यावरची चामड्याची टोपी काढून पुढे धरली.

गिरणीमालक म्हणाले, माणसे बाजूला पळालीच असती, राशीत विमान मऊ रुतले असते. नोकरी गेली. गुडघा पुन्हा वाकला नाही, त्यामुळे उडणेही गेले. मी संतापलो. बापू म्हणाला, "रान म्याच निवडलं व्हतं की. मला उडता येत व्हतं, खळ्याला कुटं येत व्हतं?"

पुढच्या सुगीला गवराबाईने आम्हा दोघांना बोलावणे धाडले. जाऊन पाहतो तर खळे जुन्या जागी नव्हतेच. पार कोपऱ्यात, बांधाच्या कडेला, खडकाळ जागा सारवून तिने नवे खळे केले होते. "सासऱ्याच्या हातची जागा व्हती," ती म्हणाली. "पर तू परत आलास, तर तुला वाकडं वळाया लागू नये."

तो आता उडत नाही, हे तिला कुणी सांगितले नव्हते. मी सांगणार, तोच बापूने माझा हात दाबला.

"येतो की, आक्का," तो म्हणाला. मग काठी टेकत, अनवाणी, ते सबंध रान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. डोळे पुसले आणि म्हणाला, "मास्तर, हितं उतरता येईल."

दोन वर्षांनी बापू तापाने गेला. परवा होटगीला जाताना गाडीतून ते रान दिसले. खळे अजून कोपऱ्यातच आहे. मधले रान सरळ, मोकळे.

"इथे उतरता येईल," मी मोठ्याने म्हणालो. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.